बोगादीच्या वाघावरील स्वारीची कैफियत

"अंबू, भ्यालेल्या तोंडाने नवस बोलू नये हो. भ्यालेलं माणूस मोठं मोठं बोलून बसतं, आणि देवी एक अक्षर विसरत नाही."

ऐसी आज्ञा कैलासवासी मातुश्री रुक्मिणीबाईसाहेब, म्हैसूरनगरी चामराजपुरातील शिलेदार घराण्याच्या वडील सासूबाई, यांनी चुलीपाशी बसोन, डाव्या हाते दूध ढवळीत, आपली सून सौभाग्यवती अंबुबाईसाहेब यांस एकदा नव्हे, सात वेळा फर्माविली होती. आणि सुनेने सातही वेळा "होय हो अत्या" म्हणोन पदर सावरिला होता. आणि मग वेळ आली तेव्हा ती आज्ञा मोडिली. ती कैसी मोडिली, तेणेकरोन कोण मोहीम उभी राहिली, त्या मोहिमेत कोणी कैसी शर्थ केली, हा तमाम मजकूर जैसा घडला तैसा येथे मांडिला आहे. डोंगरावरील चामुंडामाता साक्ष. देव्हाऱ्यातील खंडेराय साक्ष. ज्या कोणास खोटे वाटेल त्याने बोगादीस जाऊन तळ्याकाठची चिंच पुसावी. तिने सर्व पाहिले आहे.

या घराण्याचे मूळ पुरुष देशाहून घोड्यावर बसोन आले आणि म्हैसूरकर महाराजांचे चाकरीस राहिले. मग पिढ्या लोटल्या, आणि घोडी कमी जाहली, आणि तलवारी देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीस लागोन फक्त दसऱ्यास पुसल्या जाऊ लागल्या, परंतु घरच्या पुरुषांच्या बोलण्यातील टापांचा आवाज काही गेला नाही. सांप्रतचे घरधनी राजश्री संताजीराव, घोडेस्वार पलटणीतून जमादार होऊन निवृत्त, हे मंडईतून वांगी आणावयाची तरी आधी नकाशा काढीत, आणि वांगी किडकी निघाली तर दगा झाला म्हणत.

त्यांचे एकुलते चिरंजीव फत्तेसिंगराव मोठ्या लढाईचे समयी घोडेस्वारांबरोबर समुद्रापार मिसर देशी गेले. महिन्यास एक पत्र येई. मग तीन महिने पत्रच आले नाही. तेव्हा एके मंगळवारी अंबुबाईसाहेब देवघरात गेल्या, आणि भ्याल्या, आणि सासूबाईंचे सातही हुकूम एका श्वासात विसरोन हात जोडिते झाल्या की, "आई, माझं लेकरू धड परत आण. तुझ्या रानातल्या वाघाला, उघड्या रानात, मी माझ्या हाताने पंचारती ओवाळीन. तोवर काफी तोंडाला लावणार नाही."

बोलोन झाले आणि बाईसाहेबांनी जीभ चाविली. भोपळा सोडिता आला असता. साखर सोडिता आली असती. देवीची ओटी भरिता आली असती, जी तमाम पेठेतील बाया भरितात. वाघ कोठून सुचला? आणि काफी कोठून सुचली? परंतु शब्द गेला होता. दुसरे दिवशी पत्र आले.

येथे काफीचे प्रकरण खुलासेवार लिहिणे जरूर आहे, कारण पुढील मोहिमेचे निम्मे बळ त्यात आहे. त्या घरी काफीचा काढा उतरला की अंबुबाईसाहेब एक घोट जिभेवर घेत आणि मग हुकूम होई: आणखी उकळो, किंवा पुरे. नवसानंतर घोट बंद झाला. काढा वासावर उतरू लागला. दोन वर्षे संताजीराव जे पीत होते ते काफी नव्हे, चिंचोके भिजविलेले पाणी होते. परंतु नवस देवीचा, म्हणोन तक्रार करिता येईना. शेजारचे बंगल्यातील स्नेही मानाजीराव, जे नित्य सकाळी काफीस येत, ते आठवड्यातून दोनदा येऊ लागले, मग फक्त सणास.

फत्तेसिंगराव नवसाच्या पुढील साली फाल्गुनात परत आले. दोन हात, दोन पाय, छातीवर बिल्ला, सर्व शाबूत. परंतु पूर्वी हे चिरंजीव हसले की परसातील फणसावरील पोपट उडत. आता हसतच नव्हते. बोलाविले तर "हो आई" म्हणत, जेवीत, अंगणात खुर्ची टाकोन कुंपणाकडे पाहत बसत. अंबुबाईसाहेबांनी मनात ओळखिले की देवीने लेक पाठविला, हसू मात्र आपल्यापाशी ठेवोन घेतले. नवस फिटेल तेव्हा पाठवील. हे त्यांनी कोणापाशी बोलोन दाखविले नाही. रोज पहाटे तुळशीस पाणी, रोज दुपारी देवीपुढे निरंजन, आणि रोज डोंगराकडे तोंड करोन एवढेच की, "आई, वाघ दाखव."

आणि मग मार्गशीर्ष लागला. चिरंजिवांची रजा सरत आली. चंपाषष्ठीचे दिवशी बेंगळूरच्या छावणीत हजर होणे भाग होते. ऐसे समयी गाडीवान नंजप्पा, जो जासूद नव्हता परंतु जासुदासारखा धावत आला, अंगणातूनच ओरडिता झाला:

"अम्मावरे! बोगादीत हुली, वाघ! तळ्यापलीकडच्या बंडेवर, नोडी, बघा, आमच्या मेहुण्याने डोळ्याने पाहिली! हुली म्हणजे केवढी, या बैलाएवढी!"

बैलाने मान हलविली. त्याच दिवशी दूधवाल्याने सांगितले की वाघ हत्तीएवढा आहे, आणि फुलवालीने सांगितले की वाघ नव्हेच, तिच्या नणंदेचे मांजर हरवले आहे. येणेप्रमाणे बातमी तिहेरी पक्की जाहली.

तत्क्षणी संताजीरावांनी जगलीवर, म्हणजे घरापुढील ओट्यावर, खलबत भरविले. प्रथम फत्तेसिंगरावांनी हळू आवाजात तजवीज मांडिली की, "अप्पा, राजवाड्याच्या प्राणिसंग्रहात वाघ आहे. चालत जाऊ, आई ओवाळील, जेवायला घरी."

संताजीराव उभेच राहिले. शिलेदारांचे घरची स्त्री बंदिवान शत्रूस ओवाळील? पिंजऱ्यातला तो, गजाआडून, शिळे मांस खाणारा? पूर्वज काय म्हणतील? इतके विचारोन त्यांनी पत्नीकडे पाहिले.

"मी 'उघड्या रानात' म्हटलं होतं," अंबुबाईसाहेब उंबऱ्याआडून हळूच बोलल्या.

"ऐकलंत? शब्द म्हणजे शब्द," मानाजीराव म्हणाले. "पण वहिनी, देवीचं वाहन सिंह ना हो? वाघ कसा चालेल?"

"सिंहासाठी गुजराथपर्यंत मुलूखगिरी करावी लागेल, मानाजी," संताजीराव म्हणाले. "तू जातोस?"

मानाजीराव जात नव्हते. सबब वाघ कायम जाहला, आणि मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, मंगळवार, रौद्रनाम संवत्सर, शके अठराशे बेचाळीस, हा दिवस स्वारीस मुक्रर करण्यात आला. मानाजीराव यांनी तरुणपणी हुणसूरच्या रानात सतरा वाघ पाहिले होते, त्यापैकी काही जागेपणी. म्हणोन आघाडी त्यांस नामजाद झाली.

पोशाखाची जबाबदारी नरहरी शिंपी यांचेवर आली. हे परम विठ्ठलभक्त. कंबरेस टाळ बांधल्यावाचून घराबाहेर पडत नसत. त्यांस हुकूम झाला की रानात माणूस झाड दिसेल ऐसे तीन अंगरखे दोन दिवसांत शिवावे. खाकी कापड लढाईने खाऊन टाकिले होते. नरहरींपाशी एका लग्नातील उरलेले पोपटी साटीन होते, चकचकीत, आरशासारखे. त्याचे अंगरखे जाहले. ते उन्हात धरिले तेव्हा संताजीरावांनी डोळ्यांवर हात घेतला.

"नरहरी, हे काय?"

"जमादारसाहेब, रान हिरवं, हेही हिरवं," नरहरी नम्रपणे म्हणाले. "पांडुरंगाला दिसेल, वाघाला दिसणार नाही."

मग तिघांनी अंगरखे चढविले. तिघे म्हणजे संताजीराव, मानाजीराव आणि खुद्द नरहरी. फत्तेसिंगरावांनी आपले जुने कापडच घालोन येतो म्हणोन सांगितले, आणि आईने आग्रह केला नाही.

मंगळवारी सूर्योदयास फौज सिद्ध जाहली. पुढे खाशांची, म्हणजे संताजीरावांची, घोडी बिजली, वय बावीस, पलटणीतून मालकाबरोबर निवृत्त, कानाने अर्धी बहिरी. मागे नंजप्पाची बैलगाडी, तीत रसद: चित्रान्नाचा डबा, दहीभाताचे पातेले, कोडबळ्यांची टोपली, ताकाचा मोठा रांजण, बसावयास पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा जमखाना, आणि या सर्वांचे मध्ये, पंचारतीचे ताट मांडीवर घेवोन, अंबुबाईसाहेब. त्यांस चतुर्थीचा उपास. पदरी दोन केळी. मानाजीराव आघाडीचे सरदार म्हणोन गाडीत सर्वांपुढे बसले. नरहरी सर्वांमागे, तोंड उलटीकडे करोन, म्हणजे पिछाडी झाली.

"जय चामुंडे!" म्हणोन संताजीरावांनी टाच मारिली, आणि बिजली डौलाने निघाली, आणि पश्चिमेस बोगादीकडे वळावयाचे ते पूर्वेस वळली.

कारण की मंगळवार. पंधरा वर्षे दर मंगळवारी पलटणीची कवायत होत असे, आणि घोडीस निवृत्तीचा कागद कोणी वाचोन दाखविला नव्हता. खाशांनी लगाम ओढिला, दटाविले, गोंजारिले; तीस ऐकू गेले नाही. ती कवायतीच्या मैदानावर जाऊन बरोबर आपल्या जुन्या जागी, उजवीकडून चौथी, उभी राहिली. तेथे नवे स्वार कवायत करीत होते. त्यांनी पोपटी साटिनातील जमादार पाहिला. एकही हसला नाही, ही त्या पलटणीची शिस्त. परंतु तिघांचे भाले हलत होते. संताजीरावांस पूर्ण कवायत करणे भाग पडले. ती संपली तेव्हा बिजलीने समाधानाने शेपूट झाडिली आणि मग बोगादीस येण्यास कबूल झाली.

इकडे गाडी कुक्करहळ्ळीच्या तळ्याच्या बांधावर खोळंबली होती. मग खासे आले. "टेहळणी करून आलो," इतके खाशांनी सांगितले, आणि फत्तेसिंगरावांनी बापाच्या अंगरख्यावरील धूळ झटकिली, आणि स्वारी बांध ओलांडोन पुढे कूच करिती झाली.

बोगादी गाव लहान. तेथील पटेल यांनी पाहुण्यांस पाणी दिले, अंगरख्यांकडे बराच वेळ पाहिले, आणि दाखविले की ते तळे, ती चिंच, आणि चिंचेपलीकडे हत्तीच्या पाठीसारखा जो काळा खडक दिसतो, ती बंडे. वाघ कधी तेथे असतो, कधी नसतो. "पाहायला जाल तर नसतो," पटेल म्हणाले. "सुम्ने, निमूट आपल्या कामाने जाल तर असतो. आमची म्हातारी शेण्या वेचायला जाते, तिला तीनदा दिसला. ती म्हणते, वाघ आपला, शेजाऱ्यासारखा."

परंतु शिलेदार आपल्या कामाने जाणारे नव्हते. त्यांचे कामच वाघ होते. चिंचेखाली तळ पडिला. संताजीरावांनी फर्माविले की आता तमाम फौजेने शब्द काढू नये, श्वासही बेताने घ्यावा. मानाजीराव चिंचेच्या दुबेळक्यात चढोन टेहळणीस बसले. चढविण्यास नंजप्पाचे खांदे आणि अर्धी घटका लागली. पोपटी साटीन उन्हात ऐसे तळपू लागले की तळ्यातील बगळे दुसऱ्या गावी गेले.

शांतता पसरली. मग बैलाने मान हलविली आणि घंटा वाजली. नंजप्पाने घंटा काढिली. मग बिजली फुरफुरली. मग मानाजीरावांस शिंक आली, आणि ती दाबिता दाबिता दुप्पट होऊन निघाली. मग नरहरी, ज्यांस भीती वाटली की भजन आपोआप येत असे, ते हळूहळू टाळ वाजवू लागले.

"नरहरी!"

"मी नाही हो जमादारसाहेब. हात वाजवतात."

"वाघ पळेल!"

"पळू दे की," वरून मानाजीराव म्हणाले. "म्हणजे, माझ्या बाजूला पळू नये एवढंच."

येणेप्रमाणे चार घटका वेढा चालिला. वाघ आला नाही. जे आले ते चार कावळे, एक सरडा आणि गावची अकरा मुले, जी रांगेने बसोन वाघाऐवजी शिकाऱ्यांस पाहत होती आणि थोड्या वेळाने कंटाळोन गेली. मग संताजीरावांनी हुकूम दिला की उपाशी फौज लढत नाही. डबे उघडिले. चित्रान्न गेले, दहीभात गेला, कोडबळ्यांचा आवाज दूरवर पोचला. ताकाचा रांजण मात्र मानाजीरावांचा झाडावरून लोंबता पाय लागोन कलंडला आणि पट्ट्यांचा जमखाना भिजला. तो नंजप्पाने तळ्यात खळबळोन पलीकडच्या करवंदीच्या जाळीवर वाळत घातला. मग फौजेस झोप आली. संताजीराव सावलीत, मानाजीराव चढलेलेच होते म्हणोन झाडावरच, नरहरी गाडीखाली. फत्तेसिंगराव तेवढे जागे; तळ्याच्या काठी पाण्याकडे पाहत बसले होते, जैसे घरी कुंपणाकडे पाहत तैसे.

अंबुबाईसाहेबांनी सूर्य पाहिला. माथ्यावर आला होता. रोज या समयास देवीपुढे निरंजन लागे. आज घरी नाही म्हणोन नेम का चुकावा? तळ्याकाठी वारा होता, वात टिकेना. तेव्हा त्या ताट घेवोन, कोणास न उठविता, आपल्या कामाने काळ्या खडकाच्या पाठीमागे आडोशास गेल्या, आणि खाली बसल्या, आणि डोंगराच्या दिशेस तोंड करोन पाचही वाती लाविल्या, आणि मान वर केली.

समोर कोरडा ओढा. ओढ्यापलीकडे, पंधरा हातांवर, दोन पंजांवर हनुवटी ठेवोन, वाघ.

येथे लिहिणाऱ्या लेखणीनेही क्षणभर थांबावे. पुरुषांच्या मोहिमेत तलवार, घोडी, दुबेळके. येथे एक उपाशी बाई, नऊवारी, हाती पितळी ताट. वाघ हत्तीएवढा नव्हता. बैलाएवढाही नव्हता. वाघाएवढा होता, आणि तेवढा पुष्कळ होता. त्याचे डोळे उघडे होते आणि तो पाहत होता, जैसे शेजारी कुंपणावरून पाहतात.

बाईसाहेबांच्या मनात जे प्रथम आले ते भय नव्हे. ते ऐसे आले की ओवाळण्याआधी कुंकू लावावे लागते. भाऊ असो, लेक असो, कपाळास कुंकू आधी, मग अक्षता, मग दिवा. आता या कपाळास कुंकू कोण लावणार? मग त्यांनी आपले नवसाचे शब्द मनात एकेक करोन तपासिले. रानातल्या वाघाला. होय. उघड्या रानात. होय. माझ्या हाताने पंचारती ओवाळीन. कुंकवाचे बोलणे झाले नव्हते. देवी एक अक्षर विसरत नाही, तैसीच एक अक्षर वाढवीतही नाही, ऐसा त्यांस त्या जागी साक्षात दिलासा मिळाला, आणि त्यांनी अक्षता घेवोन दुरूनच टाकिल्या. त्या ओढ्यातच पडल्या. वाघाचा एक कान हालला.

मग त्या उभ्या राहिल्या आणि ताट फिरविले. एकदा. दोनदा. तीनदा. एकही वात विझली नाही. पाच वेळा ओवाळिले, आणि ओठांत एवढेच की, "बाबा, सुखी राहा. माझं लेकरू हसू दे."

आणि वाघ उठला.

तो उठला तेव्हा बसल्यापेक्षा फार मोठा होता. त्याने एक पाऊल ओढ्याच्या दिशेस टाकिले. बाईसाहेबांचे तोंड आपोआप उघडिले, आणि सासूबाईंचा हुकूम कानाशी येण्याच्या आतच शब्द बाहेर पडिले: "आई! हा सरळ आपल्या वाटेने गेला तर तुझ्या डोंगराच्या हजार पायऱ्या, खालपासून वरपर्यंत, एकेका पायरीला हळदकुंकू लावीन! अनवाणी! एकटी!"

वाघाने जांभई दिली, वळला, आणि गवतात ऐसा गेला की गवत हालले नाही.

अंबुबाईसाहेबांनी ताट सावरिले. मग कानाशी मातुश्री रुक्मिणीबाईसाहेबांचा आवाज स्पष्ट आला: अंबू, भ्यालेल्या तोंडाने. हजार! शंभर म्हणता आले नसते? अनवाणी कोणी मागितले होते? आणि "एकटी" हा शब्द कोठून आला, की आता सोबतीस शेजारीण घ्यावी तरी नेता येत नाही? गुडघे तर आताच दुखू लागले. त्या ऐसा विचार करीत आहेत तोच चिंचेच्या बाजूने मोठा कोलाहल उठला.

तो ऐसा. वारा वाढला आणि करवंदीवरील जमखाना हालू लागला. दुबेळक्यात मानाजीरावांचे डोळे उघडिले आणि त्यांस जाळीत पिवळे-काळे पट्टे दिसले, जे श्वास घेत होते.

"वाघ! संताजी, वाघ! अठरावा!"

संताजीराव झोपेतून उठले ते तलवार उपसोनच उठले आणि एका उडीत, जी खरे पाहता तीन उड्यांत झाली, बिजलीवर स्वार झाले. "मारा टाच! चाल करा!" म्हणोन हुकूम सुटला. इतक्यात गाडीखालून नरहरी जिवाच्या आकांताने टाळ बडविते झाले. आणि बिजली, जीस टाळांशिवाय काही ऐकू येत नव्हते, तीस वाटले की पलटणीचा बँड लागला. आणि तिने मान ताठ करोन, एकेक पाय उंच उचलोन, दसऱ्याच्या स्वारीची संथ चाल धरिली. ऐसी चढाई कोणत्याही इतिहासात झाली नसेल. खासे वरून गर्जत आहेत, तलवार फिरवीत आहेत, आणि घोडी खाली उजवीकडे सलामी देत, हलके हलके, शत्रूवर चालोन जात आहे.

"पळव रे तिला!" मानाजीराव ओरडले.

"ती पळत नाही, मिरवते!" संताजीराव ओरडले.

शत्रू जवळ आला. वाऱ्याचा मोठा झोत सुटला, जाळीतील पट्टे हवेत उठले, आणि ओला जमखाना उडोन घोडी, स्वार आणि तलवार यांवर सगट पडिला. आतून हुकूम येऊ लागले, परंतु ते कोणास होते हे समजेना. मानाजीराव मित्राच्या कुमकेस जाण्यासाठी म्हणा की उलट दिशेस जाण्यासाठी म्हणा, चिंचेवरून सुटले ते गाडीतील कडब्यावर उताणे पडिले. बैलांनी दचकोन गाडी ओढिली. नरहरी उघड्यावर आले, डोळे मिटलेले, टाळ चालूच. जमखान्याखालून बिजलीचे तोंड बाहेर निघाले. तिने शांतपणे जमखान्याचे टोक तोंडात धरोन चघळावयास घेतले.

आणि तेव्हा तळ्याकाठी फत्तेसिंगराव हसले.

आधी नाकातून एक फुस्कारा आला. मग त्यांनी तोंडावर हात धरिला. मग हात सुटला. मग ते गुडघ्यांवर हात ठेवोन वाकले, आणि मग खाली बसले, आणि मग आडवेच पडिले, आणि ऐसे हसू लागले की तळ्यापलीकडच्या झाडीतून पोपटांचा थवा उडाला. "अप्पा," ते म्हणत होते, "अप्पा, तो शरण आला हो, त्याला सोडा!" आणि पुन्हा हसत होते आणि डोळे पुशीत होते.

खडकामागे अंबुबाईसाहेबांनी तो आवाज ऐकिला. त्यांनी ताट खाली ठेविले आणि दोन्ही हात जोडिले. पाचही वाती जळत होत्या. त्या विझेपर्यंत त्या तेथेच बसल्या, आणि मग पदराने डोळे पुसोन, ताट घेवोन, तळावर परतल्या.

तेथे खासे जमखान्यातून मुक्त झाले होते आणि फार खिन्न होते. अंगरख्याची पोपटी बाही फाटली होती. ते पत्नीपाशी आले आणि सर्वांदेखत नव्हे तर बाजूस होऊन, हळू बोलिले.

"रजा परवा संपते त्याची. तुझा नवस राहिला गं."

"नाही राहिला. फिटला."

"कसा?"

"पिवळा होता. काळे पट्टे होते. उघड्यावर होता. माझ्या हाताने पाच वेळा ओवाळलं."

संताजीरावांनी जमखान्याकडे पाहिले. मग पत्नीकडे पाहिले. त्यांचे डोळे भरोन आले. जिने नवऱ्याची अब्रू राखण्यासाठी ओल्या जमखान्यास वाघ मानिले ऐसी स्त्री आणखी कोणत्या घरात आहे, हे मनात येऊन त्यांनी तत्काळ फौजेस ताकीद दिली की जमखाना हा शब्द आजपासून कोणी उच्चारू नये. मानाजीराव कडबा झटकीत कुजबुजले, "वहिनी किती समजूतदार हो." अंबुबाईसाहेबांनी आणखी एक शब्दही सांगितला नाही. त्यांनी खोटे न बोलण्याचा नेम मोडिला नव्हता, आणि खरे कोणी विचारिले नव्हते.

फक्त नंजप्पा बैलांचे जू आवळीत असता एकदा ताटातील जळोन गेलेल्या वातींकडे, मग खडकाकडे पाहोन म्हणाला, "अम्मावरे, तिकडे वारा नव्हता ना?"

"नव्हता," त्या म्हणाल्या. "छान आडोसा होता."

येणेप्रमाणे सूर्यास्ताचे आत स्वारी चामराजपुरास दाखल जाहली. घोडी वाटेत एकदाही चुकली नाही, कारण संध्याकाळी पलटण घरीच येत असे.

दुसरे दिवशी, बुधवारी, काफीचा काढा उतरला. सर्व मंडळी ओळीने बसली. अंबुबाईसाहेबांनी दोन वर्षांनी एक घोट जिभेवर घेतला, डोळे मिटिले, आणि म्हणाल्या, "आणखी उकळू दे." आणि उकळिले. मग तांब्याचे पेले भरिले गेले. संताजीरावांनी एक घोट घेतला आणि रिता होईतो पेला खाली ठेविला नाही. मानाजीरावांनी तीन पेले घेतले आणि रोज येण्याचे वचन दिले, जे कोणी मागितले नव्हते. फत्तेसिंगराव दोन पेले प्याले आणि म्हणाले, "आई, अप्पांना विचार, वाघ पुन्हा कधी वाळत घालणार?" आणि हसले, आणि बापही हसला, आणि ताकीद मोडल्याचा गुन्हा माफ करण्यात आला. गुरुवारी, चंपाषष्ठीचे दिवशी, ते बेंगळूरच्या गाडीत बसले. गाडी हलेपर्यंत खिडकीतून हसू ऐकू येत होते.

सबब मौजे बोगादी येथील वाघावरील मोहीम फत्ते जाहली. शत्रूने मैदान सोडिले. आपणाकडील कोणी पडले नाही, मानाजीराव वगळता, आणि तेही कडब्यावर. घोडीने शर्थ केली. पोपटी अंगरखे देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीस तलवारींसोबत लाविले आहेत आणि दसऱ्यास पुसले जातील. जमखाना, एका टोकास चघळिलेला, घरात बैठकीस मानाच्या जागी आहे. संताजीरावांनी यावर आपली मोहर उठविली, आणि मानाजीरावांनी साक्ष घातली की वाघ अठरा.

आणि शुक्रवारी पहाटे, घर अद्याप झोपेत असता, अंबुबाईसाहेब उठल्या. तुळशीस पाणी घातले. काफीचा काढा उतरविला, एक घोट चाखला, आणि पुरेसा उकळला पाहोन झाकोन ठेविला, की उठतील त्यांस मिळावा. मग हळदीचा मोठा डबा आणि कुंकवाचा त्याहून मोठा डबा परडीत ठेविला. चपला उंबऱ्याशेजारी नीट जोडोन ठेविल्या. "होय हो अत्या, चुकलं," इतके चुलीकडे पाहोन हळूच बोलल्या. मग फाटकाची कडी आवाज न करिता लाविली, आणि आग्नेयेस, जेथे डोंगर नुकता उजळत होता, तेथील पहिल्या पायरीच्या वाटेस एकट्या, अनवाणी लागल्या.